दोन स्वरांच्या मधली वाट

शास्त्रीय संगीत नव्याने ऐकू लागलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो रागाचा. हा कुठला राग? तो ओळखायचा कसा? यमन आणि भूप वेगळे कसे कळतात? प्रश्न साहजिक आहे, पण त्याच्या ओझ्याखाली बरेचदा ऐकणेच दबून जाते. राग ओळखता आला नाही की ऐकणाऱ्याला वाटते, आपल्याला यातले काही कळत नाही. आणि असे दोन-चारदा झाले की तो मैफलीकडे फिरकत नाही. पुष्कळ चांगले कान अशा रीतीने या संगीताला मुकले आहेत, याची मला फार हळहळ वाटते. म्हणून या पुस्तकात रागांच्या दाराने आत न जाता वाद्यांच्या दाराने आत जायचे ठरवले आहे.

वाद्य डोळ्यांना दिसते. सतारीची तार बोटाने ओढली की सूर वर चढतो, हे कुणी न सांगता कळते. सारंगीवाल्याचे नख तारेला कडेने भिडलेले दिसते, बासरीवाल्याचे बोट भोकावरून अर्धवट उचललेले दिसते. या हालचाली पाहता पाहता एक गोष्ट ध्यानात येते आणि तीच या पुस्तकाच्या मुळाशी आहे: हिंदुस्थानी संगीतात स्वर जितका मोलाचा, तितकीच एका स्वरावरून दुसऱ्यावर जायची वाट मोलाची. गळा ही वाट सहज चालतो. लाकूड, तार, कातडे, बांबू यांना ती सहजासहजी साधत नाही. आपल्या वाद्यांचा गेल्या दोन-तीन शतकांचा इतिहास मला तरी ही वाट साधण्यासाठी कारागिरांनी आणि वादकांनी केलेल्या खटपटीचा इतिहास वाटतो.

सुरुवात मात्र अशा वाद्यापासून करायला हवी, ज्यावर कुठलाच राग वाजत नाही. तंबोऱ्याला पडदे नसतात. चार तारा एकामागून एक छेडत राहायचे, एवढेच त्याचे काम. पहिली तार बहुतेक वेळा मंद्र पंचमात, मधल्या दोन जोडीच्या तारा षड्जात आणि चौथी खर्जात लावतात. मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागात पहिली तार मध्यमात येते. मैफलीच्या आरंभी कलाकार खुंट्या पिळतो, मग तारेतले मणी किंचित वरखाली सरकवतो, डोळे मिटून ऐकतो, पुन्हा सरकवतो. नवा श्रोता तेव्हा शेजाऱ्याशी बोलत असतो, कारण त्याच्या लेखी गाणे अजून सुरू व्हायचे असते. वास्तविक कान तयार व्हायला याहून चांगली वेळ नाही. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून हळूहळू गंधार ऐकू येऊ लागतो. तो कुणी लावलेला नसतो. त्या तारेच्याच कंपनातला तो पाचवा उपस्वर. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो एकदा ऐकू आला की तंबोऱ्याचा आवाज पूर्वीसारखा एकसुरी वाटत नाही. त्यात किती स्वर एकमेकांत मिसळले आहेत ते उलगडत जाते.

हा सगळा प्रकार घडतो घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकलेल्या असतात तिच्यावर. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा अगदी सपाट नसतो. कानसने घासून त्याला इतका बारीक उतार दिलेला असतो की छेडलेली तार तिथे निसटती टेकत राहते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सारून तो नेमक्या जागी आणला की आवाज खुलतो. यालाच जवारी म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास या घोडीचा अभ्यास केला. तार ज्या जागी छेडली, त्या जागेच्या हिशेबाने जे उपस्वर निघायला नकोत तेही तंबोऱ्यातून निघतात आणि त्याचे कारण घोडीच्या या घडणीत आहे, असे त्यांनी दाखवले. जवारी काढणाऱ्या कारागिराजवळ यातले गणित नव्हते. त्याच्याजवळ कानस होती आणि पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेला कान होता.

त्या कानाचे महाराष्ट्रातले गाव म्हणजे मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर संस्थानांमधली हत्यारांची गरज ओसरू लागली तेव्हा तलवारींना धार लावणाऱ्या, हत्यारे घडवणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये दुरुस्त करण्याचे आणि मग बनवण्याचे काम हाती घेतले. त्यांच्या घराण्यातून पुढे सतारमेकरांची सबंध पेठ उभी राहिली. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठच्या शेतांतून. लागवड भाजीसाठी नव्हे, वाद्यासाठीच केलेली असते. जाड सालीचा मोठा भोपळा सुकवून, कापून, आतून साफ करून मग त्याला तुणीच्या लाकडाची दांडी आणि तबली बसते. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच गावात किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ येऊन स्थायिक झाले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी गायले. त्यांच्या स्मरणार्थ तिथे आजही गाणे होते. गायक, दरबार, दर्गा आणि कारागीर एका गावात आले की काय घडते याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. संगीताच्या इतिहासात गवयांची नावे असतात, बंदिशकारांची असतात; वाद्य घडवणाऱ्याचे नाव बहुधा भोपळ्याच्या आत चिकटवलेल्या कागदापुरतेच उरते. ही उणीव थोडी तरी भरून काढावी, हा या पुस्तकाचा एक हेतू आहे.

तंबोऱ्यावर इतका वेळ थांबलो, कारण पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे. आपल्याकडे षड्जाला ठरलेली उंची नाही. कुणाचा षड्ज पेटीची काळी एक पट्टी असतो, कुणाचा काळी चार. गायकाने आपला षड्ज घेतला की उरलेले सगळे स्वर त्याच्यापासूनच्या अंतराने ठरतात. ऐकणाऱ्यानेही तो मनात धरून ठेवायचा असतो. गायक वर तार षड्जापर्यंत जाऊन आला, आडव्यातिडव्या ताना घेऊन आला, तरी मनातला षड्ज हलला नाही म्हणजे श्रोत्याचे निम्मे काम झाले. रागाचे नाव नंतर कळले तरी चालते.

आणि राग म्हणजे तरी स्वरांची यादी नव्हेच. भूप आणि देशकार या दोघांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूपात गंधारावर वजन असते आणि तो संध्याकाळ उलटल्यावर गातात. देशकारात धैवत वर येतो, चाल वरच्या अंगाने होते आणि वेळ सकाळची. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचेही असेच आहे. दरबारी कानड्यातला कोमल गंधार पेटीची ती पट्टी दाबून मिळत नाही. तो मध्यमाकडून खाली येत, संथ हेलकावत राहतो, आणि तो हेलकावा काढून घेतला तर दरबारी उरत नाही. विष्णु नारायण भातखंडे यांनी राग दहा थाटांत मांडले, त्याने शिकणाऱ्यांची फार सोय झाली. पण थाट राग कुठे ठेवायचा ते सांगतो. राग कसा चालतो ते सांगत नाही. चाल कळते ती ऐकून, आणि वाद्यावर ती पाहून लवकर कळते, असा माझा अनुभव आहे.

आता थोडे मागे जाऊ. भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग केले आहेत: तारांची ती तत, फुंकायची ती सुषिर, कातडे मढवलेली ती अवनद्ध आणि आघाताने निनादणारी टाळ-झांजांसारखी घन. हे वर्गीकरण इतके पक्के आहे की आजही त्यात फारसे काही अडत नाही. तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले होते. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धतींचे पंडित ज्या ग्रंथाला आधार मानतात तो आजच्या दौलताबादच्या किल्ल्याखाली लिहिला गेला, हे मराठी वाचकाला ठाऊक असले पाहिजे.

पुढे ग्वाल्हेरला राजा मानसिंह तोमराच्या काळात, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सांध्यावर, ध्रुपदाला बहर आला. ध्रुपदाबरोबर रुद्रवीणा, म्हणजे बीन, आणि पखवाज ही वाद्ये नांदली. अठराव्या शतकात दिल्लीला मुहम्मदशहा रंगीले याच्या दरबारात न्यामत खाँ ‘सदारंग’ यांच्या बंदिशींनी ख्यालाला प्रतिष्ठा मिळाली, आणि त्याच सुमारास सतार आणि तबला वर आले. ख्यालाला लवचीक ताल हवा होता. पखवाजाचा भरदार, खुला बोल त्याला जड पडे. तबल्याच्या जोडीने ती गरज भागवली.

तबल्याजवळ क्षणभर थांबावे. उजव्या तबल्याच्या मधोमध काळी शाई दिसते. लोखंडाचा बारीक कीस आणि खळ यांचे थर एकावर एक देऊन, दगडाने घोटून ती बसवतात. साध्या कातड्याच्या ढोलातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्याला नेमका सूर नसतो. शाईने पुडीचे वजन मध्यावर वाढते आणि उपस्वर मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा प्रमाणात येतात. हेही रामन यांनीच, १९२० साली एका सहकाऱ्यासह दाखवून दिले. तबला षड्जात लावता येतो तो यामुळे. डाव्या हाताच्या डग्ग्यावर तर वादक मनगट पुढे सरकवतो आणि घुमारा खालून वर चढत जातो. दोन स्वरांच्या मधली वाट इथे कातड्याने साधली आहे. दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद, बनारस आणि पंजाब ही तबल्याची सहा घराणी मानतात. अहमदजान थिरकवा यांच्यासारखा वादक बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत साथीला होता, म्हणून मराठी नाट्यगृहातल्या प्रेक्षकांना तिकिटाच्या पैशांत जगातला एक श्रेष्ठ तबला ऐकायला मिळे.

नाटकाचा उल्लेख आला तो योग्य वेळी. महाराष्ट्रात हे संगीत दरबारातून गावात उतरले ते अनेक वाटांनी, आणि सगळ्या वाटा जेमतेम पन्नास वर्षांत खुल्या झाल्या. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ग्वाल्हेरची तालीम घेऊन आले आणि त्यांनी ख्याल दक्षिण महाराष्ट्रात रुजवला. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर मूळचे कुरुंदवाडचे. लहानपणी दारूकामात डोळे अधू झाले, म्हणून ते गाण्याकडे वळले. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. राजाच्या आश्रयावाचून, विद्यार्थ्यांच्या फीवर आणि लोकांच्या देणग्यांवर गाण्याची शाळा चालवता येते, हे त्यांनी करून दाखवले. आज गावोगावी मुले प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा देतात त्यामागे पलुसकरांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये उभे केलेले मंडळ आहे. त्याच काळात मुंबईचे वकील भातखंडे देशभर हिंडून उस्तादांकडून बंदिशी मिळवत होते, त्या स्वरलिपीत लिहून छापत होते. त्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत लिहिली. १९१६ साली बडोद्याला त्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. दोघे विष्णु एकमेकांहून फार वेगळे. एकाला गाणे घराघरांत न्यायचे होते, दुसऱ्याला ते कागदावर नीट मांडायचे होते. दोघांच्याही कामाने विद्येवरची उस्तादांची पकड सैल झाली, काही मुसलमान कलावंतांना त्यात दुरावाही वाटला. ती बाजूही वाचकाने लक्षात ठेवावी.

कारण त्याच महाराष्ट्रात त्याच वर्षांत अल्लादिया खाँ कोल्हापूरला शाहू महाराजांच्या आश्रयाला होते आणि अब्दुल करीम खाँ मिरजेला. त्यांचे शिष्य-शिष्या पाहिले की मराठी, कोकणी आणि कानडी मुलखाच्या या पट्ट्याने संगीताला काय दिले ते उमजते: केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, भास्करबुवा बखले, सवाई गंधर्व, आणि त्यांच्या पुढच्या पिढीत गंगूबाई हनगल, मल्लिकार्जुन मन्सूर, भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर. गोव्याच्या कलावंत समाजातल्या स्त्रियांनी ही विद्या किती कष्टाने मिळवली आणि किती मानाने मंचावर आणली, यावर स्वतंत्र पुस्तक व्हावे. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, तेव्हा गाणाऱ्या बाईकडे पाहण्याची मध्यमवर्गाची नजर बदलू लागली. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवरून अंतराळात गेली. त्याच वर्षी त्या वारल्या.

घराण्यांविषयी मी इथे थोडक्यात लिहितो, कारण नवशिक्यांना घराण्यांची नावे पाठ करायला लावणे मला पसंत नाही. ग्वाल्हेरात बंदिश नीट, सरळ भरली जाते. आग्र्यात नोमतोमचा आलाप आणि लयीशी झुंज. जयपूर-अत्रौलीत स्वर आणि लय एकमेकांत विणलेले, जोडराग आवडीचे. किराण्यात एकेका स्वराची बढत, सूर लावण्याची असोशी. पतियाळ्यात वेगवान, चमकदार तान. एवढे ध्यानात ठेवून ऐकायला लागावे आणि मग अमीर खाँ, कुमार गंधर्व, किशोरीताई यांना ऐकताना या भिंती कुठे कुठे पडल्या ते आपले आपण शोधावे.

वाद्यांकडे परत येतो, कारण माझे खरे म्हणणे तिथेच आहे. सतारीचे पडदे धातूचे आणि बाहेरून गोलाकार असतात. त्यांवर तार आडवी ओढता येते, आणि एकाच पडद्यावर उभे राहून चार-पाच स्वर वर चढता येतात. विलायत खाँ यांनी ही मींड इतकी लांबवली की सतार ख्याल गाऊ लागली. रवि शंकर आणि निखिल बॅनर्जी यांनी मैहरच्या अल्लाउद्दीन खाँ यांच्या तालमीत बीनेच्या खर्जाचा गंभीरपणा सतारीत आणला. सरोद अफगाण रबाबातून आला. रबाबाला लाकडी पट्टी आणि आतड्याच्या तारा होत्या. हिंदुस्थानात आल्यावर एकोणिसाव्या शतकात त्याला पोलादी पट्टी आणि धातूच्या तारा बसल्या. बदल कशासाठी? तारेवरून नख घसरवले तर आवाज टिकावा यासाठी. गुळगुळीत पोलादावर तो टिकतो. सारंगीला तर काही करावेच लागले नाही. गज चालू असेपर्यंत तिचा स्वर मरत नाही आणि नखाच्या मुळाशी तार दाबून ती गळ्याइतकी वळते. तरीही सारंगीची जागा पेटीने घेतली. कोठ्यावरच्या गाण्याशी तिचे नाव जोडले गेल्याने भद्र समाजाने तिला दूर लोटले, आणि ती वाजवायला व लावायला अवघडही होती. राम नारायण यांनी १९५०च्या दशकात साथीचे काम सोडून मुंबईत एकट्याने सारंगी मंचावर नेली नसती तर आपण तिला आणखी लवकर मुकलो असतो.

बासरीत वाट बोटात आहे. भोक पूर्ण न उघडता बोट हळूहळू बाजूला घेतले की स्वर सरकतो. पन्नालाल घोष यांनी लांब, रुंद पोकळीची, खर्जाच्या आवाजाची बासरी घडवून घेतली, तेव्हा कुठे रानातल्या या वाद्यावर विलंबित ख्याल वाजू लागला. सनईत वाट ओठात आणि फुंकेत आहे. देवळाच्या नगारखान्यातला, लग्नाच्या मांडवातला हा आवाज बिस्मिल्ला खाँ यांनी मैफलीत आणला, पण त्यातला मांडवाचा मंगलपणा पुसू दिला नाही. व्हायोलिन युरोपातून आले आणि इथे बसून, खांदा व पाय यांच्यामध्ये धरून वाजू लागले. त्याला पडदेच नाहीत, म्हणून ते फार लवकर आपले झाले; गजाननबुवा जोशी गायकही होते आणि व्हायोलिनवादकही, आणि त्यांच्या हातात या दोहोंत फरक उरत नसे.

उरतात दोन वाद्ये, ज्यांच्यात ही वाट नाहीच. संतूर काश्मीरच्या सूफियाना मौसिकीतले. शंभराच्या आसपास तारा, त्यांवर दोन हलक्या लाकडी काड्यांचे आघात. १९५५ साली शिवकुमार शर्मा यांनी मुंबईत ते वाजवले तेव्हा जाणत्यांनी विचारले, मींड नसलेल्या वाद्यावर राग कसा वाजणार? प्रश्न रास्त होता. शिवजींनी तारांची मांडणी बदलली, वाद्य मांडीवर घेतले आणि काडी तारेवरून घसरवत, थरथरवत स्वरांचा नाद इतका लांबवला की एक विरण्याआधी दुसरा त्यात मिसळावा.

पेटीचे भांडण याहून मोठे. युरोपातली पायपेटी कलकत्त्यात हातपेटी झाली आणि देशभर पसरली. तिच्या पट्ट्या ठरलेल्या, मधे काही नाही, आणि स्वरांची अंतरेही पाश्चात्त्य समान विभागणीची. म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. आक्षेप शास्त्राच्या दृष्टीने बरोबर होता. तरीही बंदी चुकीची होती, असे माझे स्पष्ट मत आहे. गोविंदराव टेंबे भास्करबुवांच्या साथीला जे वाजवत, पुढे अप्पा जळगावकर आणि तुळशीदास बोरकर यांनी भल्याभल्यांच्या गाण्यामागे जे उभे केले, त्यात भात्याचा दाब, पट्टीवरची बोटाची घसट आणि नेमक्या क्षणी गप्प राहणे यांनी गायकाच्या मींडीला जागा करून दिली आहे. ती वाट पेटी स्वतः चालत नाही, पण गायकाला चालू देते. भजनी मंडळापासून नाटकापर्यंत मराठी माणसाच्या कानात सूर कुणी घातले असतील तर ते पेटीने, ही गोष्टही विसरता येत नाही.

आज हे सगळे सांगण्याची निकड काय? गौहरजान यांनी १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केले तेव्हा तबकडीवर तीनेक मिनिटे मावत. तेवढ्यात राग दाखवायची कला त्या पिढीने कमावली. आज जवळजवळ सगळी जुनी ध्वनिमुद्रणे कुणाच्याही फोनवर आहेत. पुण्यातल्या विद्यार्थ्याला जे ऐकायला पूर्वी संग्राहकाच्या घरी महिनोन्‌महिने खेपा घालाव्या लागत, ते आता न्यू जर्सीतल्या मराठी घरातली मुलगी रियाझाआधी ऐकू शकते. अशी संपत्ती कुठल्याच पिढीला मिळाली नव्हती. पण फोनच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज येतच नाही, आणि तंबोऱ्याच्या ॲपमधला सूर कधी उतरत नसल्याने तो लावायची, ऐकायची, सुधारायची सवयच लागत नाही. दुसरीकडे जवारी काढणारे हात थोडे उरले आहेत. ज्यांना वाद्याचा खरा आवाज माहीतच नाही, त्यांच्याकडून त्या हातांना काम कसे मिळणार? ऐकणारा तयार झाला तरच घडवणारा टिकेल.

या पुस्तकात कर्नाटक संगीत नाही. वीणा, मृदंगम्, नादस्वरम् यांना ओझरते स्पर्श करून जाणे त्यांच्यावर अन्याय झाला असता. यात स्वरलिपी नाही आणि परीक्षेची तयारीही नाही. प्रत्येक वाद्य कशाचे बनते, कोण बनवते, वादकाचा हात त्यावर काय करतो, आणि मग त्या हातातून राग कसा बाहेर येतो, या क्रमाने लिहिले आहे. तांत्रिक शब्द आले आहेत तिथे ते वादक-कारागीर वापरतात तेच ठेवले आहेत, कारण दुकानात किंवा गुरूकडे गेल्यावर वाचकाला तेच ऐकू येणार आहेत. क्रमाने वाचण्याचे बंधन नाही. ज्या वाद्याचे कुतूहल आहे ते प्रकरण आधी उघडावे, फक्त तंबोऱ्याचे प्रकरण त्याच्याही आधी वाचावे.

वाचण्याआधी ऐकावे, ही मात्र आग्रहाची विनंती. एकच ध्वनिमुद्रण घ्यावे, किशोरीताईंचा भूप म्हणा किंवा अमीर खाँसाहेबांचा मारवा, आणि तेच काही दिवस पुन्हा पुन्हा ऐकावे. दहा राग एकेकदा ऐकण्यापेक्षा एक राग दहादा ऐकला तर कान लवकर घडतो. मग गावातल्या संगीत मंडळाच्या मैफलीला जावे. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची गर्दी सोसवत नसेल तर कोल्हापूरच्या देवल क्लबसारख्या जुन्या संस्थांचे छोटे कार्यक्रम अधिक जवळून ऐकता येतात. जिथून वादकाचे दोन्ही हात दिसतील अशी जागा घ्यावी. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ऐकण्यासाठी कलाकारांची यादी दिली आहे. ती मुद्दाम लहान ठेवली आहे आणि त्यात माझी आवड उघड दिसते. वाचकाने त्यात स्वतःच्या कानाने सापडलेली नावे भरावीत, आणि ती माझ्या यादीशी जुळली नाहीत तर माझी खोडून टाकावीत.